सध्या तेवढ्यावर

फवारणीच्या विषबाधेने त्या हंगामात यवतमाळच्या दवाखान्यातला वॉर्ड भरला होता. माझा भाऊ त्यातून सावरत होता. शेजारच्या खाटेवर पुसदच्या एका मोटर मेकॅनिकची बायको होती. तिचा चेहरा आणि उजवा हात एकाच वेळी झटके खात आणि नवऱ्यालाही ती ओळखत नव्हती. कपाशी निंदायला जायची, म्हणून सगळ्यांनी तिलाही विषबाधाच धरली होती.

तो मात्र तिचे केस विंचरत दिवसभर तिच्याशी बोलायचा.

"ती तर तुमाले वळखत नाही, मंग काहून बोलता?" मी विचारलं.

"मी तं तिले वळखतो ना, भाऊ. सध्या तेवढ्यावर भागवू."

एका डॉक्टरबाईंनी ते झटके बराच वेळ पाहिले. "हे विष नाही. शरीराची रोगाशी लढणारी ताकदच मेंदूवर उलटली आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी रक्त तपासणीला मुंबईला पाठवलं आणि निकालाची वाट न पाहता स्टिरॉइड सुरू केलं.

आधी झटके थांबले. मग एका सकाळी ती त्याच्याकडे बघून रागावली, "तुमी इथं बसले, मंग घरी बकऱ्या कोण पाहून राह्यलं?"

त्याने कंगवा उचलला आणि तिचे केस विंचरायला घेतले.