आजोबाची खुर्ची

आजोबाचं वय पंचवीस. हसू नका, टीममध्ये सगळे त्याला आजोबाच म्हणत आणि तोही मुकाट्याने ओ देई. टीमचं घर म्हणजे एका इमारतीतला भाड्याचा मधला मजला. खिडक्यांना जाड काळे पडदे, पाच टेबलं, पाच स्क्रीन, पाच खुर्च्या, आणि फ्रिजमध्ये एका कंपनीच्या निळ्या पेयाचे इतके डबे की दूध ठेवायला जागा नाही. ते प्यायलं की बोटं विजेसारखी चालतात म्हणे. डोंबलाची वीज! पोटात जळजळ तेवढी होते.

हे लोक व्हिडिओ गेम खेळतात. तुमचा भाचा सुट्टीत खेळतो तसं नव्हे, रोजचे बारा तास, जुंपल्यासारखे. पाच विरुद्ध पाच. स्क्रीनवरच्या ओसाड कारखान्यात एकांनी घुसायचं, दुसऱ्यांनी तो राखायचा. ते बघायला माणसं तिकीट काढून येतात आणि घसा बसेपर्यंत ओरडतात. जग कुठे चाललंय ते मला विचारू नका.

आजोबाचं खरं काम तोंडाचं. बाकीच्या चौघांना हेडफोनमधून सांगायचं: थांब, वळ, जिन्यावर जा, आत्ता! समोरच्या टीमचा कोण घाबरला की डावीकडे पळतो, कोण पहिला डाव हरला की चिडतो, हे सगळं त्याच्या डोक्यात. सात वर्षं त्याने चौघांना असं हाकलं होतं. मनगट दुखायला लागलं तेव्हा लांब बाह्यांचा शर्ट घालून तेही लपवलं. शहाणाच की नाही!

त्याची आई एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते, आठ तास उभं राहून. या धंद्याबद्दलचं तिचं मत एका वाक्यात मावायचं आणि ते वाक्य तिने दहा वर्षं रोज ऐकवलं: "ऊठ रे त्या खुर्चीवरून!" गंमत म्हणजे ती पहिली खुर्चीही तिनेच आणलेली, इस्पितळाच्या भंगारातून. एक चाक तुटलेलं, त्याच्या जागी वीट. त्या खुर्चीत बसून पोरगं हा खेळ शिकलं, कॉलेज सोडलं, आणि "बघ, एक दिवस मी मोठा होईन" म्हणालं. झाला मोठा. पंचविशीत आजोबा झाला.

आता मॅनेजर. हा गृहस्थ आधी महागडे बूट विकायचा. अजूनही समोरच्याच्या पायाकडे बघूनच बोलतो. याला कुठून तरी अक्कल सुचली की खेळाडू मोजून घ्यावेत. मग दर सोमवारी सकाळी चाचणी. स्क्रीनवर लाल चौकोन, तो हिरवा झाला की बटण दाबायचं. बस्स, एवढंच! सेकंदाचे हजार तुकडे करायचे आणि कोणाला किती तुकडे लागले त्याचा तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवायचा. त्या सोमवारी आजोबाला दोनशे दहा लागले. राखीव म्हणून नवीन आलेली एकोणीस वर्षांची मुलगी होती, तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तिला लागले एकशे साठ. मॅनेजर तक्त्यासमोर उभा राहून असा खूश, जणू बटण त्यानेच दाबलं होतं.

दुपारी त्याने आजोबाला आत बोलावलं.

"तुझी बढती करतोय," तो म्हणाला. "आजपासून तू सहायक कोच. सामन्यात खुर्च्यांच्या मागे उभं राहायचं. अनुभव म्हणजे सोनं आहे, बाबा, सोनं!"

"आणि आतून बोलायचं कोणी?"

"भिंगरी बोलेल की. तोंड काय सगळ्यांनाच असतं."

आजोबाने विचारलं, "शनिवारी हरलो तर?"

"हरलो तर तुझी खुर्ची तुला परत. माझा शब्द. जिंकलो तर मात्र विषय संपला."

शनिवारचा सामना जिंकला की मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळणार होता. म्हणजे टीम हरली तरच हा खेळाडू राहणार. काय पण हिशेब!

त्याने आईला फोन केला. "आई, बढती झाली माझी."

"अगंबाई! मग आता काय करायचं असतं?"

"शिकवायचं, दुसऱ्यांना."

"काय, डोळे फोडून घ्यायला?" आई म्हणाली. पण आवाजात आनंद होता. "शनिवारी दुपारी ना? आमच्या बायकांनाही मोबाइलवर दाखवते."

या खेळाचा एक नियम आहे. सामना सुरू झाला की मागे उभ्या असलेल्यांनी तोंड उघडायचं नाही. प्रत्येक टीमला एकदाच एक मिनिट थांबता येतं, तेवढ्यात कोचने हेडफोन घालून काय सांगायचं ते सांगायचं. म्हणजे ज्याचं सगळं बळ तोंडात, त्याला नेमकं तोंड बंद ठेवायच्या जागेवर उभं केलेलं. असली बढती शत्रूलाही मिळू नये.

शनिवारी हॉल भरला. भिंगरीचे हात खरोखर झकास चालत होते, त्यात खोट काढायला जागा नाही. पण बोलायचं कोणी? चुकेल या भीतीने भिंगरी तोंड उघडेना, आणि बाकीचा प्रत्येक जण दुसरा सांगेल म्हणून थांबलेला. पुढच्या फाटकावर धाडधाड आवाज झाला की पाचही जण तिकडे धावायचे, आणि समोरचे मागच्या जिन्याने निवांत आत यायचे. एकदा झालं, दोनदा झालं, पाचदा झालं. फाटकावरचा आवाज हे त्या टीमचं जुनंच सोंग होतं, आजोबाला ते पाठ होतं. तो मागे उभा राहून दातावर दात दाबत होता. अजून दोन डाव गेले की सामना जाणार आणि खुर्ची परत येणार. त्याने फक्त गप्प राहायचं होतं, तेही नियमाप्रमाणे.

कोचने ते एक मिनिट मागितलं. कोच हा आणखी एक नमुना. हेडफोन घालून म्हणतो, "मोठा श्वास घ्या. स्वतःवर विश्वास ठेवा. हसा बघू!" चाळीस सेकंद श्वासातच गेले. भिंगरीने मागे वळून बघितलं. कोचकडे नाही, आजोबाकडे. डोळ्यात पाणी आलं होतं तिच्या.

तुम्हाला वाटेल, त्याला दया आली. छे! त्याला ते चुकीचं बघवेना, एवढंच. त्याने सरळ कोचच्या डोक्यावरून हेडफोन ओढला.

"फाटकावर एकच माणूस आहे, तो नुसता आवाज करतो. तिकडे कोणी जायचं नाही. चौघं जिन्याखाली बसा. भिंगरे, 'आत्ता' कधी म्हणायचं ते तू ठरव, पण मोठ्याने म्हण. चुकलीस तरी म्हण!"

मिनिट संपलं. पुढच्या डावात भिंगरी "आत्ता!" म्हणून एवढ्या जोरात ओरडली की पहिल्या रांगेतली माणसं दचकली. तिथून त्यांनी एकही डाव सोडला नाही.

मॅनेजरने स्टेजवर जाऊन माइक धरला. "बघितलंत? पन्नास तुकड्यांचा फरक!" पाचही खेळाडूंच्या हातात निळे डबे दिले, फोटो काढले. फोटोत आजोबाचं एक कोपर आलं. भिंगरी "दादा, तुम्ही पण या" म्हणत होती, पण फोटोवाल्याने तिला सरळ बघायला सांगितलं.

हॉलच्या मागच्या दाराशी त्याचा फोन वाजला.

"जिंकलात ना रे?" आईच्या मागे इस्त्रीची वाफ फुसफुसत होती. "आम्ही सगळ्यांनी बघितलं."

"हो, जिंकलो."

"मग बाकीचे सगळे बसले होते, तू एकटाच का उभा होतास?"

"बढती झाली की उभंच राहावं लागतं, आई."

आई आवाज खाली आणून म्हणाली, "मी दहा वर्षं ऊठ ऊठ म्हणून घसा कोरडा केला, तेव्हा नाही उठलास. आता कोणी उठवलं रे तुला?"