खासदाराचं प्रगतिपुस्तक

सदाशिव पेठेतल्या वाचनालयात एक निवृत्त मास्तर रोज माझ्यासमोर बसत. आमच्या खासदाराची संसदेतली कामगिरी मोबाइलवर बघून ते लाल शाईने शाळेच्या कोऱ्या प्रगतिपुस्तकात उतरवत. एकदा मी डोकावलो. विचारलेले प्रश्न: एकही नाही. पाणी विधेयकावर मतदान: गैरहजर. शेरा: लग्नांना मात्र नियमित उपस्थिती.

माझं डोकंच फिरलं. "असल्या माणसाला निवडून देणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही?"

त्यांनी शांतपणे पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "पालकांची सही राहिलीय. आपण मत कुणाला दिलंत?"

"कुणालाच नाही. जोडून सुट्टी होती, लोणावळ्याला गेलो होतो."

त्यांनी पुस्तक परत ओढलं आणि सहीच्या जागी लाल शाईने लिहिलं: गैरहजर.