मनात बोलायला श्वास लागत नाही

"अठ्ठ्याण्णव हाय की. मग ही एवढ्या धापा कशाला टाकती?"

पडद्यापलीकडून सिस्टरचा आवाज आला. माझ्या बोटाला लावलेला चिमटा त्यांनी नुकताच काढून नेला होता. मला ऐकू जातंय हे त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या सिस्टर म्हणाल्या, "आजकालच्या पोरी. जिना चढायची सवय कुठं राहिलीय."

दौंडच्या त्या दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर मी बसले होते. जिन्यात दोनदा थांबून वर आले होते. चिमट्यावरचा आकडा म्हणजे ऑक्सिमीटरचं रीडिंग, रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगणारं. अठ्ठ्याण्णव म्हणजे उत्तम. म्हणून सिस्टरचा मला राग आला नाही. मलाही तोच प्रश्न पडला होता. टीबीच्या सहा महिन्यांच्या गोळ्या संपून तीन आठवडे झाले होते. एक्स-रे स्वच्छ आला होता. मी बरी झाले होते, फक्त मला श्वास पुरत नव्हता.

डॉक्टर मॅडमनी मला लांब व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला लावलं. येरझाऱ्या मोजल्या, नाडी मोजली. मग म्हणाल्या, "नाटक नाही हे. याला डीकंडिशनिंग म्हणतात. शरीराची कष्टाची सवय मोडणं."

त्यांनी कागदाच्या पाठीमागे एक आडवी रेघ काढली आणि तिला बारीक बारीक फाटे फोडले. "फुप्फुस हवेतून ऑक्सिजन घेतं. रक्त तो वाहून नेतं. पण वापरायचा कोणी? स्नायूंनी. तू मांडवगणची ना? मग हे तुला कळेल. कालव्याला पाणी सुटलंय, पण पोटचाऱ्या बुजल्यात. रानात पाणी पोचत नाही. म्हणून थोडं चाललं की पाय ओरडतात, हृदय जोरात धावतं आणि तुला धाप लागते. चाऱ्या उपसायच्या. रोज, हळूहळू."

मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. गाडीत पप्पांनी विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, चालायला सांगितलंय.

हे लिहितेय ते अशांसाठी, ज्यांचे सगळे रिपोर्ट चांगले आलेत आणि तरी बरं वाटत नाही. माझ्या आजाराची सुरुवात होळीच्या आधी झाली. उजव्या कुशीत एक कळ यायची, दीर्घ श्वास घेतला की सुई टोचल्यासारखी. कोरडा खोकला होता. संध्याकाळी बारीक ताप यायचा. तो ताप मला वाईट वाटायचा नाही, खरं सांगायचं तर. दुपार कलली की सगळं मऊ व्हायचं. पंखा फिरायचा, खिडकीतून उसाच्या पाचटाचा वास यायचा, आणि मी कुठल्यातरी पाण्याच्या तळाशी पडून वरचा उजेड बघतेय असं वाटायचं. तीन आठवडे मी कोणालाच काही सांगितलं नाही.

पाणी खरंच होतं. फुप्फुसाच्या बाहेरच्या आवरणात साठलेलं. याला प्लुरल इफ्यूजन म्हणतात. पाठीत सुई घालून ते काढलं. लिंबाच्या सरबतासारखं पिवळसर होतं. तपासणीत टीबी निघाला. मॅडम म्हणाल्या, या प्रकारातून शक्यतो दुसऱ्याला लागण होत नाही, गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत, पूर्ण बरी होशील.

परत येताना भीमेच्या पुलावर पप्पांनी गाडी हळू केली. "कोणी विचारलं तर न्युमोनिया म्हणायचं," ते म्हणाले. मागे बसलेल्या मम्मीने माझा खांदा दाबला. तिच्या डोक्यात माझं आणि माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. मी मान हलवली. मला गप्प राहायला फार कष्ट पडत नाहीत. इंग्लिश मीडियमच्या शाळेत मराठी बोललं की शिक्षा व्हायची, आणि गावात इंग्लिश शब्द तोंडून गेला की हसायचे. दोन्हीकडे गप्प बसणं सोपं होतं.

तर चालणं.

गावात उगाच कोणी चालत नाही. रस्त्यावर दिसलं की विचारतात, कुठं निघाली? फिरायला, असं उत्तर आमच्याकडे अजून रुजलेलं नाही. म्हणून मम्मीने माझ्या हातात दुधाची रिकामी किटली दिली. किटली असली की माणूस कामाला निघालेला असतो. सकाळी सात वाजता मी चारीच्या कडेच्या कच्च्या रस्त्याने निघायचे. नवरात्र जवळ आलं होतं. धुकं रानावर अंथरलेलं असायचं आणि त्यातून झेंडू आधी वासाने कळायचा, मग रंगाने. बायका कमरेइतक्या धुक्यात उभ्या राहून फुलं तोडत असायच्या.

किती वेगाने चालायचं याची मॅडमनी एक खूण सांगितली होती. टॉक टेस्ट. चालताना एक अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. तोवर स्नायू ऑक्सिजन वापरून काम करत असतात. त्याला एरोबिक म्हणतात. त्याहून जोरात गेलं की ऑक्सिजन मागणीला पुरा पडत नाही, स्नायू वेगळ्या मार्गाने घाईघाईने ऊर्जा काढतात, आणि दम तुटतो.

मी रोज टेस्ट घ्यायचे. वाक्य अखंड यायचं. बायकांच्या नजरेसमोरून पटकन निघून जावं म्हणून मी पाय उचलायचे, तरी वाक्य अखंडच. मग पंपहाऊसच्या कट्ट्यावर बसून डोळ्यांपुढे चांदण्या मोजायचे. दुपारभर अंथरुणात. पंधरा दिवसांत मी होते त्याहून खाली गेले.

पुढच्या भेटीत मॅडमनी नाडी पाहिली आणि विचारलं, "कुठलं वाक्य बोलतेस?"

मी सांगितलं. मग म्हटलं, "मनात बोलते."

त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "अगं बाई. मनात बोलायला श्वास लागत नाही."

त्यामुळे मला तोंड उघडावं लागलं. बोलू काय, हे सुचेना. शेवटी शाळेत घोकलेले पाढे काढले. टू सेव्हन्स आर फोर्टीन. थ्री सेव्हन्स आर ट्वेंटी वन. माझा आवाज उघड्यावर किती लहान होतो ते मला पहिल्यांदा कळलं. ओळीच्या मधेच दम तुटला की वेग कमी करायचा. पहिल्या दिवशी मी गोगलगायीसारखी चालले आणि अर्ध्या तासाने घरी आले तेव्हा थकले नव्हते.

तिसऱ्या दिवशी धुक्यातून आवाज आला. "काय गं, आमच्या झेंडूला इंग्लिशमधून पाढे शिकवती व्हय?"

सुमनकाकी. आमच्या भावकीतल्या. त्यांचं झेंडूचं रान चारीला लागूनच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बांधावर आल्या, किटली हातात घेतली आणि हलवून पाहिली.

"रिकामी हाय. रोज जाती रिकामी, येती रिकामी. मला वाटलं पोरीचं कुठं जुळलं का काय."

"डॉक्टरांनी चालताना बोलायला सांगितलंय," मी म्हटलं.

"मग माणसाशी बोल की. फुलं काय हुंकार देत्यात व्हय?"

तेव्हापासून त्या फुलं न्यायला येणाऱ्या टेंपोपर्यंत माझ्याबरोबर यायच्या. फुलांच्या क्रेटची एक कडी त्यांच्या हातात, एक माझ्या. त्याच जास्त बोलायच्या. सुनेबद्दल, बाजारभावाबद्दल, मला बघायला येणार असलेल्या आणि न आलेल्या स्थळांबद्दल. माझ्या वाट्याला एखादं वाक्य यायचं, पण ते मोठ्याने बोलावं लागायचं. दसरा गेला. पंपहाऊसपर्यंत पोचल्यावर आधी नाडी एकशे चाळीस असायची, ती एकशे अठरावर आली. अंतर तेच, रस्ता तोच. शरीर आतल्या आत काहीतरी उपसत होतं. कधी कधी चालताना मला मॅडमच्या कागदावरचे ते बारीक फाटे आपल्या पोटऱ्यांत ओले होताना दिसायचे, आणि पाय माझे नसल्यासारखे हलके पडायचे.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात काकी बोलायच्या थांबल्या. क्रेट दोनदा खाली ठेवला. "काय होतंय?" मी विचारलं.

"काय न्हाई गं. हिकडं," त्यांनी कुशीवर हात ठेवला, "श्वास घेतला का टोचतंय. आन् संध्याकाळचं अंग कसंनुसं होतंय."

"किती दिवस झाले?"

"महिना झाला असंल. तुझ्यासारखा न्युमोनियाच आसंल. तू न्हाई का झालीस बरी? मेडिकलमधून गोळ्या आणल्यात. बस झालं."

मी आजूबाजूला पाहिलं. धुकं विरत होतं. पलीकडच्या सरीत तीन बायका फुलं तोडत होत्या, त्यातली एक मम्मीच्या भिशीतली. टेंपोवाला इंजिन बंद करून तंबाखू मळत होता. तिथे बोललेलं दुपारपर्यंत सगळ्या मांडवगणात जातं. काकींना बाजूला घेऊन कानात सांगता आलं असतं. पण कानात सांगितलं की लपवायची गोष्ट आहे हे पण सांगितलं जातं, आणि त्या तेवढंच घेऊन घरी गेल्या असत्या. मम्मीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. धाकटीचा आला. मग काकींचा हात दिसला, अजून कुशीवरच ठेवलेला, बरोबर त्याच जागी.

मी म्हटलं, "काकी, मला न्युमोनिया नव्हता. टीबी झाला होता. असंच टोचायचं, असाच ताप यायचा, आणि मी तीन आठवडे कोणाला सांगितलं नव्हतं. सहा महिने गोळ्या घेतल्या, मी बरी झाले. क्रेट राहू द्या इथंच. आज दौंडला जाऊ, मी येते तुमच्याबरोबर."