तावडेंचा रानबोका

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास तावडेवहिनींचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते. "रंजना, हातातलं काम आटपून ये," त्या म्हणाल्या. "घाई नाय आता." त्या 'आता'नंच मला सगळं सांगितलं. तावडे चहाचा कप घेऊन टेबलाशी बसले होते, ते तिथेच गेले. मी पोहोचले तोवर शेजाऱ्यांनी त्यांना कॉटवर ठेवलं होतं. टेबलावरचा दिवा मात्र तसाच चालू होता आणि दिव्याखाली अर्धवट काढलेलं एक काडतूस होतं... कागदावर, मूळ मापाच्या दसपट मोठं.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. तावडे कोण, असं कुणी विचारलं तर मी इतकंच सांगत आले की ते माझे साहेब. मुलुंडच्या एका छोट्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी बाविसाव्या वर्षी लागले तेव्हा ते तिथले डाय डिझायनर, म्हणजे साचे आखणारे, होते. पितळेचा पत्रा दाबून, ताणून त्याच्या वस्तू करायचं आमचं काम. बल्बच्या टोप्या, पेनची टोपणं, पंपाचे भाग. माझं घर वाशीमकडचं, वडील बीएमसीत. घरात याआधी कुणी टी-स्क्वेअर हातात धरला नव्हता. पहिल्या दिवशी तावडेंनी माझ्यासमोर एक पितळी टोपी ठेवली आणि विचारलं, "काय गो, ही कुठे फाटेल?" मी म्हटलं, "माहीत नाही." ते म्हणाले, "बरोबर. माहीत नाय तर माहीत नाय म्हणायचं." आणि समोरची खुर्ची ओढून शिकवायला बसले. पुढची अठरा वर्षं ते शिकवतच होते.

कारखाना बंद झाला, तावडे घरी बसले. मुलगी लग्न होऊन नाशिकला. दोन-तीन महिन्यांतच वहिनींचा मला फोन, "यांना काहीतरी काम दे गो, डब्यांची झाकणं मोजत बसतात." मी काही देण्याआधीच त्यांनी स्वतःचं काम शोधलं होतं. इंटरनेटवर त्यांना एक मंडळी सापडली, शिकारीच्या मोठ्या रिव्हॉल्व्हरांसाठी स्वतःची काडतुसं आखणारी. कुठल्याही कारखान्यात न बनणाऱ्या अशा काडतुसाला ते लोक वाइल्डकॅट, म्हणजे रानबोका, म्हणतात. एखाद्या जुन्या काडतुसाची पितळी नळी घ्यायची, तिची मान आवळायची नाहीतर लांबी बदलायची, आणि मग ती नळी बसेल असं रिव्हॉल्व्हर करून घ्यायचं. त्यांतल्या कुणाची तरी नळी मानेशी तडकत होती. तावडेंनी चार ओळींत कारण लिहिलं. पितळ त्यांना कळत होतं. ते कशासाठी वापरलंय याच्याशी पितळाला काय देणंघेणं, असं ते म्हणत. हळूहळू ते स्वतःच आखायला लागले. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सुबक अक्षरात लिहायचे : रानबोका एक, रानबोका दोन...

या माणसानं आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती. बाजारातून आणलेले जिवंत खेकडेसुद्धा वहिनीच साफ करायच्या, तावडे तेवढा वेळ गॅलरीत जाऊन उभे. वहिनींना पोलिसांची धास्ती. "कागदावर पेन्सिल फिरवली म्हणून कोण धरतं?" ते म्हणायचे. पण स्वतः नियम करून घेतला होता की पितळेत एकही नमुना करायचा नाही. करायचे ते लाकडात, लेथवर, मुसळाएवढे. वहिनी विचारायच्या, "मुलुंडला अस्वल येतं काय यांच्या गोळ्या खायला?" ते शांतपणे, "बिबट्या येतो ना, नॅशनल पार्कातून." वहिनी म्हणायच्या, "त्याला तुम्ही ड्रॉइंग दाखवा. झोपेल तो."

त्या मंडळींतले हॅरल्ड त्यांचे खास मित्र झाले. अमेरिकेतल्या डोंगराळ भागातले निवृत्त शिक्षक, बायको वारलेली. दर रविवारी सकाळी दोघं फोनवर बोलायचे; तावडेंचं इंग्रजी कारखान्यातलं, पण मापांना कितीसं इंग्रजी लागतं. रानबोका सात हा हॅरल्डच्या रिव्हॉल्व्हरसाठीच आखला होता. जाडजूड, भरपूर जोराचा. ड्रॉइंग तिकडे गेलं, तिथल्या कारागिरानं कामाला सुरुवात केली, आणि एका शनिवारी मी त्यांच्या घरी गेले असताना तावडे मला कौतुकानं त्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरचा फोटो दाखवत होते. काडतुसं बसायची सहा भोकं असलेला तो गोल ठोकळा. त्याच्या बाहेरच्या अंगावर लहान लहान खाचा होत्या. मी सहज विचारलं, "साहेब, या खाचा कशाला?"

"सिलिंडर फिरून जागेवर अडकायला," ते म्हणाले. फोटो जवळ घेतला, लांब धरला. मग कपाटातून ड्रॉइंग काढलं. खाच नेमकी भोकाच्या डोक्यावर येत होती. भोक मोठं करताना बाहेर किती पोलाद उरेल याचा हिशोब त्यांनी केला होता; खाचेची खोली त्यातून वजा करायची राहून गेली होती. तिथे पोलाद कागदाएवढं उरत होतं. पहिला बार काढताना ते फुटलं असतं, हॅरल्डच्या हातात.

फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावला. ईमेल केला : काम थांबवा, माझं ड्रॉइंग चुकलंय. उत्तर नाही. तो पूर्ण दिवस तावडे टेबलाशी बसून होते, वहिनींनी वाढलेलं ताट तसंच. "चाळीस वर्षं," ते मला म्हणाले, "आखणारा वेगळा, तपासणारा वेगळा. इथे दोन्ही मीच. अकलेची वाट लागली माझ्या." मलाही वाटत होतं, प्रश्न महिनाभर आधी का नाही विचारला...

रविवारी सकाळी नेहमीच्या वेळेला हॅरल्डचाच फोन आला. ते दोन दिवस डोंगरात होते, तिथे फोन लागत नव्हता. सिलिंडर आठवड्यापूर्वीच तयार झाला होता, येत्या शनिवारी पहिला बार काढायचा बेत होता. तावडे उभं राहून बोलले. सबब सांगितली नाही, खाचा बारीक होत्या असं म्हटलं नाही. चूक माझी, तो सिलिंडर वापरू नका, एवढंच तीनदा सांगितलं. मग पलीकडून फोन ठेवला गेला.

नंतर सहा रविवार फोन आला नाही. तावडेंनी सगळी ड्रॉइंगं गुंडाळून माळ्यावर टाकली. सातव्या आठवड्यात एक फोटो आला : तो सिलिंडर करवतीनं आडवा कापलेला, पातळ जागेवर लाल शाईचा बाण. खाली हॅरल्डनी लिहिलं होतं की आधी फार राग आला, मग कापून बघितलं. पुन्हा सुरुवात करू या का? तावडेंनी मला बोलावून घेतलं. "यापुढे तपासायची तू," ते म्हणाले. "आणि माझी चूक सापडली तर माझी गय नाय करायची." मी गय केली नाही. रानबोका आठ आखायला दोन वर्षं लागली; मी तो चार वेळा परत पाठवला आणि चारही वेळा ते खूश झाले. तो सिलिंडर झाला, बार निघाले, हॅरल्डच्या दहा बोटांचा फोटो आला. वहिनींनी त्या दिवशी शिरा केला.

तावडे गेल्याचं हॅरल्डना मीच कळवलं. आठवडाभरानं त्यांनी वहिनींशी बोलायची इच्छा दाखवली. मध्ये दुभाषी मी. ते म्हणाले, असं काडतूस ज्यानं आखलं त्याचं नाव त्याला देतात, रिव्हॉल्व्हरच्या नळीवर कोरतात. तावडेंचं नाव द्यायला तुमची परवानगी हवी.

वहिनींनी फोन माझ्याकडे सरकवला. "विचार गो त्यांना, किती जनावरं मारली त्या काडतुसानं?"

हॅरल्ड म्हणाले, एक हरीण, चार वर्षांत. ते खाल्लं. बाकी सगळं नेमबाजीच्या लोखंडी पाटीवर.

"मग घालू दे," वहिनी म्हणाल्या. "पण मराठीत."

त्यांनी स्वतः एका कोऱ्या कागदावर 'तावडे' लिहिलं. सातवीपर्यंत शिकलेला, वाणसामानाच्या यादीपलीकडे फारसा न लिहिलेला हात. मी फोटो काढून पाठवला. परवा तिकडून नळीचा फोटो आला. काळ्या पोलादावर त्यांचंच अक्षर, जसंच्या तसं. मी मोठा करून दाखवला. वहिनींनी चष्मा लावला, फोन उजेडाकडे नेला.

"डे-ची मात्रा वाकडी गेली माझी," त्या म्हणाल्या. "यांनी परत पाठवलं असतं."

मग पदरानं फोनची काच पुसली आणि पुन्हा बघत बसल्या.