फाट्यावरचा गुरुवार

लोणवडचा बाजार मोडला, त्यानंतरही कमलबाई दर गुरुवारी सकाळी मिरचीचं पोतं बांधायच्या. डोक्यावर घेऊन चौकापर्यंत जायच्या, चिंचांखाली उभ्या राहायच्या, दोन्हीकडचे रस्ते न्याहाळायच्या आणि परत यायच्या. घरी पोतं उतरवलं की पाच मिनिटांत पुन्हा दारात. सून रंजिता म्हणायची, "माय, बठा ना जरासं." त्या बसायच्याही, पण बसलेल्या कमलबाईंकडे बघूनच समोरच्याला घाई व्हायची.

मी त्यांच्या समोरच्याच घरात राहतो. त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

कमलबाईंचं माहेर कोरीटचं. लग्न होऊन लोणवडला आल्या तेव्हा घरी विहीर होती, मिरचीचं रान होतं, आणि अशा घरच्या बायकांनी बाजारात बसायचं नाही हेही ठरलेलं होतं. एका वर्षी ऐन बाजाराच्या आदल्या दिवशी नवरा तापानं आडवा झाला. वाळवणाच्या पथारीवर मिरची तयार, आभाळ भरून आलेलं. कमलबाईंनी पोतं उचललं आणि चिंचेखाली जाऊन बसल्या. दुपारपर्यंत पोतं रिकामं झालं. नवरा बरा झाला, पण त्या काही बाजारातून उठल्या नाहीत. पुढे नवरा गेला, तरी उठल्या नाहीत. त्यांचे जेठ, म्हणजे थोरले दीर, धुडकू आप्पा तेव्हा गावचे सरपंच होते. त्यांना हे कधीच रुचलं नाही. कमलबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढायच्या, एक शब्द बोलायच्या नाहीत आणि गुरुवारी जाऊन बसायच्या.

लोणवड सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. गुरुवारी डोंगरातून जीपगाड्या भरभरून उतरायच्या. आमचूर, चारोळी, भगर, डिंक खाली यायचा. मिरची, मीठ, सुकट, लुगडी वर जायची. त्या एका दिवसावर आमचं गाव आठवडाभर जगायचं. रतिलाल शिंप्याचं मशीन, लोहाराचा भाता, दोन हॉटेलं, सायकलवाला. एसटीसुद्धा गुरुवारी जादा फेरी मारायची.

मग बायपास झाला. गावापासून दीड किलोमीटरवरून, शेतांमधून काळाभोर रस्ता सरळ तळोद्याकडे गेला. जीपा गावात वळेनाशा झाल्या. आधी कापडवाले गेले, मग सुकटवाल्या. एक हॉटेल बंद झालं. रतिलाल मशीन उचलून सुरतेला गेला. एका गुरुवारी चौकात तिघंच बसली होती: दोरखंडवाला, एक कांदेवाला आणि कमलबाई. पुढच्या गुरुवारी त्या एकट्या.

आम्ही सगळे रस्त्याला शिव्या द्यायचो. रस्त्याला शिव्या देणं सोपं असतं, तो उलटून बोलत नाही.

धुडकू आप्पांनी मात्र हातपाय हलवले. सरपंचकी गेली होती तरी वजन होतं. तालुक्याला खेटे घालून त्यांनी बाजारासाठी योजना आणली. चौकात सिमेंटचे चोवीस ओटे, वर पत्रे, तोंडाशी रंगीत कमान. उद्घाटनाला मांडव पडला, भाषणं झाली. त्यानंतरच्या गुरुवारी चोवीस ओट्यांवर एक कमलबाई होत्या. दुसऱ्या महिन्यात ओट्यांवर कुरडया वाळायला लागल्या आणि तिसऱ्या महिन्यात शेळ्या बसायला लागल्या.

मुलगा नवनीत तळोद्याला सरकारी कचेरीत कारकून. रोज मोटरसायकलवर जायचा-यायचा. त्यानं तिकडे प्लॉट बघून ठेवला होता.

"गाव सरनं, माय," तो एकदा जेवताना म्हणाला. "आठे आते काय शे? तळोदाले चाल."

"सरनं म्हंजे काय? माणसं शेतस, विहीर शे, रान शे. सरनं काय मंग?"

उत्तर कमलबाईंनाही येत नव्हतं, आणि तेच त्यांना छळत होतं. ताट अर्धं टाकून त्या उठल्या.

दुसऱ्याच आठवड्यात त्या वर डोंगरातल्या मोलगीच्या बाजाराला गेल्या. एसटीनं निम्मी वाट, पुढे जीप, आणि मांडीवर मिरचीचं पोतं. मोलगीलाही रस्ता काही धड नव्हता. घाट, वळणं, खड्डे. तरी बाजार तुडुंब. माणसं चार-चार तास चालून येत होती. कमलबाईंनी मिरची विकली, पण लक्ष विकण्यात नव्हतं. त्या पोतं तिथंच टाकून भटकत राहिल्या. कोण कुठं बसलंय, जीप कुठं थांबते, माणूस उतरल्यावर आधी कुठं जातो, हे बघत. दुपारपर्यंतच बाजाराला त्यांनी सात फेऱ्या मारल्या असतील.

आठव्या फेरीला तापीबाई दिसल्या. डोंगरातल्या पाड्यावरच्या, कमलबाईंच्याच वयाच्या. वर्षानुवर्षं लोणवडला आमचूर घेऊन यायच्या. एका झाडाखाली ऐसपैस बसल्या होत्या, पुढ्यात आमचुराची टोपली. घरी त्यांची बोली वेगळी, पण बाजारात त्या आमच्यासारखंच बोलायच्या.

"तापीबाई, लोणवडले काबर येत नही आते?" कमलबाईंनी विचारलं. "जीप उभी ऱ्हात नही म्हनीसन?"

तापीबाईंनी हसून बाजूची जागा थापटली. कमलबाई टेकल्या.

"जीप तं उभी ऱ्हाई. सांगं तं कोठे बी उभी ऱ्हास," तापीबाई म्हणाल्या. "पन उतरू कसाले?"

मग त्यांनी सांगितलं. रागानं नाही, पाण्यापावसाचं सांगावं तसं. गावाच्या वेशीजवळच्या नाल्यात आप्पांची माणसं उभी असायची. डोक्यावरची टोपली तिथंच उतरवून घ्यायची, आपल्याच काट्यावर तोलायची, देतील ते घ्यायचं. त्यातून वाचून चौकात पोचलं, तर चिंचेची सावली गावकऱ्यांची. डोंगरातल्या बायकांनी गटाराच्या कडेला, उन्हात बसायचं. प्यायला पाणी मागितलं तर देवळाचा नळ बंद. रस्ता एकच होता तोवर हे सोसलं. दुसरा झाला, तशा सगळ्याजणी पुढे निघून गेल्या.

कमलबाई नुसत्या ऐकत होत्या. पाय मात्र एकसारखा हलत होता.

"एकदाव मी चिंचखाले बठेल व्हती," तापीबाई म्हणाल्या. "पोर आंगवर पी ऱ्हायनी व्हती. तुमीच उठाडं माले."

"मी?"

"हां. तुमी."

कमलबाईंना ते आठवत नव्हतं. त्यांनी खूप आठवून पाहिलं. परतीच्या जीपमध्ये, एसटीत, घरी आल्यावर ओसरीत येरझाऱ्या घालताना. आठवलं नाही. पण खोटं असेल असंही एकदासुद्धा वाटलं नाही. कितीतरी गुरुवार, कितीतरी बायका. "सरक वं तिकडे" असं किती वेळा म्हटलं असेल, त्यातली एक तापीबाई. हे त्यांनी नंतर रंजिताला सांगितलं आणि रंजितानं माझ्या बायकोला. चार दिवस त्या धड जेवल्या नाहीत. वाळलेली मिरची पुन्हा पसरत, पुन्हा गोळा करत राहिल्या.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा त्याच ओट्यांवर भरली. विषय होता बाजार. आप्पांचं म्हणणं, कमानीला दिवे लावले आणि बायपासच्या फाट्यावर मोठा फलक लावला की लोक वळतील. माना डोलत होत्या. बायकांच्या घोळक्यातून कमलबाई उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर, नेहमीसारखा. आप्पांसमोर त्यांचा आवाज गावानं कधी ऐकला नव्हता.

"आप्पा, रस्ता मंग व्हयना. बायास्नं मन पहिलेच उठेल व्हतं."

डोलणाऱ्या माना थांबल्या.

"नालामा त्यास्न्या टोपल्या कोन उतारे, ते सगळास्ले माहीत शे," त्या म्हणाल्या. "आनी सावलीमाईन त्यास्ले कोन उठाडे, ते मी सांगस. मी उठाडं शे. दिवा कोनले दखाडतस? ज्यास्ले उन्हमा बठाडं त्यास्ले?"

आप्पा उठून निघून गेले. मागोमाग निम्मी सभाही. नवनीत घरी आईवर ओरडला, ते आम्हाला समोर ऐकू आलं. भाऊबंदकीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, असं काहीसं. कमलबाई पोतं शिवत होत्या.

पुढच्या गुरुवारी त्या चौकात गेल्याच नाहीत. दीड किलोमीटर चालून थेट फाट्यावर गेल्या. तिथं सरकारी जागेत तीन मोठी कडुलिंबाची झाडं आहेत. त्यांच्याखाली पोतं उघडून बसल्या. म्हणजे बसल्या म्हणायचं. प्रत्येक जीपला हात करायला उठत होत्या. जीपा धूळ उडवून जात राहिल्या. संध्याकाळी आल्या तेव्हा चेहरा रापलेला आणि पोतं जसंच्या तसं. चौकातून जाताना कुणीतरी हसलं.

दुसऱ्या गुरुवारीही तेच. त्या आठवड्यात त्या पुन्हा मोलगीला गेल्या. या खेपेस मिरची नेली नाही. तापीबाईंना शोधलं, आणि ज्याच्या जीपमधून डोंगरातल्या बायका खाली उतरतात त्या करमसिंगला शोधलं.

"फाटावर उभी करशी का रे भाऊ? दहा मिनिटं?"

"कोणी उतरलं तर करू, मावशी," करमसिंग म्हणाला. "रिकामी कशाला थांबवू?"

कमलबाईंनी तापीबाईंकडे पाहिलं. माफी कशी मागतात हे त्यांना येत नव्हतं. आमच्याकडे ती कुणालाच येत नाही.

"सावली ठेवेल शे," त्या एवढंच म्हणाल्या. "पानी बी ठेवसू. तुम्ही आधी बठानं, मंग मी."

तापीबाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत.

त्या गुरुवारी पाण्याचा प्रश्न रंजितानं सोडवला. नवऱ्याला न विचारता स्कूटीवर पाण्याचे दोन कॅन बांधले आणि सकाळीच फाट्यावर नेऊन ठेवले. कमलबाईंनी सगळ्यात मोठ्या झाडाखालची जागा खराट्यानं झाडली, आपलं पोतं बाहेर उन्हात मांडलं आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. नऊ वाजले, दहा वाजले. एक जीप गेली, दुसरी गेली. कमलबाई झाडापासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून झाडापर्यंत फेऱ्या मारत होत्या. साडेदहाला करमसिंगची जीप वळणावर दिसली, हळू झाली आणि थांबली. तापीबाई उतरल्या. त्यांच्या मागून आणखी दोघी.

तापीबाईंनी आधी सावली बघितली, मग उन्हातलं पोतं. टोपली उतरवली, पाणी प्यायल्या, बसल्या. आमचूर पुढ्यात मांडून झाल्यावर म्हणाल्या, "आते तुमी बी आत या. येडी शेतस का?"

तिथून ते वाढत गेलं. डोंगरातल्या बायका उतरतात म्हणून तळोद्याहून जाणारे मोटरसायकलवाले थांबू लागले, घरी न्यायला आमचूर आणि चारोळी घेऊ लागले. होळीच्या आधी इतकी गर्दी झाली की वाहनांना हॉर्न वाजवत जावं लागलं. सुकटवाल्या आल्या. पावसाळ्यानंतर रतिलालनं सुरतेहून मशीन आणलं आणि मोठी छत्री उघडून फाट्यावर बसला. लोणवडच्या पोरांनी चहाच्या दोन टपऱ्या टाकल्या. नवनीतनं प्लॉटचा विषय काढला नाही; सोडला असंही नाही. गुरुवारी रजा मिळाली तर तो पाण्याची टाकी ट्रॅक्टरवर घालून आणायचा, आईशी न बोलता लावून द्यायचा.

आप्पा वर्षभर आले नाहीत. मग एकदा आले, पलीकडच्या टपरीवर चहा घेतला, बाजाराकडे बघत राहिले. नालाही आता ओस होता, तिथं त्यांचं कुणी उभं राहत नव्हतं. भावजयीकडे पाहिलं नाही. जाताना नवनीतला म्हणाले, "जागा कोनी शे ते कागदवर दखी ले. नही तं कोनी बी हात टाकी."

आप्पा खरं बोलले, ते पुढे दिसलंच. या सगळ्यात लोणवडचा चौक मात्र काही उठला नाही. ओटे रिकामे आहेत. गावातली माणसं फाट्याच्या दिशेनं घरं बांधायला लागली आहेत. जुन्या गल्लीत दर वर्षी एक-दोन दारांना कुलूप लागतं. गाव जगलं म्हणावं की सरकलं म्हणावं, मला अजून सांगता येत नाही. कमलबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "तुम्ही शिकेल शेतस, तुम्ही सांगा," आणि निघून जातात.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी मी फाट्यावर होतो. प्लास्टिकच्या बादल्या-टपांचा एक टेम्पो सकाळीच येऊन मोठ्या झाडाखाली लागला होता. तापीबाई आणि आणखी पाच-सहा बायका टोपल्या घेऊन उन्हात उभ्या होत्या. टेम्पोवाला बाहेरगावचा, जाडजूड आवाजाचा. म्हणत होता, बाजार सगळ्यांचा आहे, जो आधी येईल त्याची जागा.

कमलबाई आल्या, पोतं खाली टाकलं आणि टेम्पोच्या बोनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बासष्ट वर्षांची बाई, धापा टाकत. रतिलाल छत्रीखालून उठून आला, करमसिंग जीपमधून उतरला, टपरीवाली पोरं आली. टेम्पोवाल्यानं आम्हा सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं, काहीतरी पुटपुटत टेम्पो मागे घेतला.

"गया," मी म्हणालो. "आते बठा."

"आज गया," कमलबाई म्हणाल्या. "पुढला गुरुवारे आखो येई. तो नही तं दुसरा येई." त्यांची नजर रस्त्यावरच होती. बायका सावलीत बसल्या, टोपल्या उघडल्या, करमसिंगनं जीप वळवली, तरी त्या उभ्याच होत्या.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी त्यांनी पोतं बांधून दाराशी ठेवलं. गुरुवारी उजाडताना मी दार उघडलं, तेव्हा त्या गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या. रंजिता मागून हाका मारत होती, चहा तरी घ्या म्हणून. त्यांनी मागे न बघता हात हलवला आणि चालण्याचा वेग वाढवला.