दोष बोलीला दिला

बऱ्हाणपूर सोडलं तेव्हा इरा माझ्या खांद्यावर होती. स्टेशनवर आईनं बायकोच्या हातात केळीच्या चिप्सची पिशवी दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरगी बोलेल उशिरा. तू बी उशिराच बोलला होता. डॉक्टरपाशी कशाले नेतो?" मला तेच ऐकायचं होतं.

पुण्यात ऑफिसातले माझ्या बऱ्हाणपुरी 'येऊन राहिलो'वर हसायचे. त्या हसण्यातूनच मला बहाणा सापडला. इरा हाकेला वळत नाही, असं बालवाडीच्या बाई म्हणाल्या की मी सांगायचो, "घरी हिंदी-मराठीची खिचडी आहे हो, गोंधळते ती." त्यांना लगेच पटायचं. मग घरातही मी शुद्ध बोलायला लागलो, बायकोला टोकायला लागलो. ती चिडायची, "मंग मुकीच राहू का आता?" हळूहळू घरात बोलणंच कमी झालं. आई फोनवर विचारायची, बोलती का? मी म्हणायचो, थोडंथोडं. खोटं होतं ते.

शेवटी बायकोनंच ऑनलाइन तपासणीची वेळ घेतली. लॅपटॉपसमोर आम्ही सतरंजीवर बसलो. डॉक्टर बाई म्हणाल्या, रोज बोलता तसंच बोला.

"इरा, तुला पाणी हवं आहे का?" मी शुद्ध मराठीत विचारलं.

बायको म्हणाली, "मॅडम, हे बातम्या देऊन राहिले."

मी घसा साफ केला. "इरू, पानी पिती का? ये ना बेटा." वाटलं, आता वळेल. वळली नाही. माझ्याकडे न बघता तिनं माझं मनगट धरलं आणि हात बाटलीच्या झाकणावर नेऊन ठेवला.

"असं नेहमी करते?" बाईंनी विचारलं.

नेहमीच करायची. मी त्याला लाड म्हणायचो. मग खिचडीचा बहाणाही सांगून टाकला. बाई म्हणाल्या, "दोन भाषांनी असं होत नाही. ऑटिझम असू शकतो, पुढच्या तपासण्या करू. तुम्ही तुमच्या भाषेत तिच्याशी भरपूर बोला."

संध्याकाळी आईला फोन केला. डॉक्टर बाई काय म्हणाल्या ते सांगितलं. ती म्हणाली, "माझ्यामुळे उशीर झाला का रे?"

"नाही आई. मले माहीत होतं."

अजून चैन पडत नाही. इरा बोलत नाही. आम्ही दोघं मात्र दिवसभर तिच्यापाशी बऱ्हाणपुरी बोलत असतो, ती ऐकते की नाही हे ठाऊक नसताना. गाव माझ्यापाशी आता या बोलीएवढंच आहे, आणि ते मी तिच्यापासून काढून घेतलं होतं.