शनिवारी जन्मलेले फोटो

"मावशींनी अख्ख्या आठवड्याचे फोटो शनिवारी एका मिनिटात काढलेत." आमचा सुपरवायझर सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्या लाइनसमोर हे बोलला, आणि मी खाली बघत उभी राहिले. आज लिहितानाही कानशिलं तापतात. तो माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. मला मावशी म्हणतो आणि खोटारडी ठरवतो.

आमची चाकणची कंपनी छोटी आहे. मोठ्या गाड्यांना लागणारे लोखंडी ब्रॅकेट इथे बनतात. मी तपासणीच्या टेबलावर असते. कडेला धार राहिली का, नट नीट बसला का, गंज आहे का, हे बघायचं, आणि दर तासाला एका ब्रॅकेटचा फोटो काढायचा. लाइनवर मोबाइल आणायला बंदी आहे, म्हणून कंपनीने प्रत्येक टेबलाला एक छोटा कॅमेरा दिलाय. तो खिळ्याला टांगलेला असतो. शनिवारी दुपारी तीनला सुपरवायझर सगळे कॅमेरे गोळा करतो आणि त्यातले फोटो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाकतो.

त्या आठवड्यात मोठ्या कंपनीकडून माल परत आला. तीन ब्रॅकेटना नट नव्हता. ते तीन माझ्या नजरेतून सुटले असतील, मी नाही म्हणत नाही. दिवसभरात हाताखालून किती जातात ते आम्हालाच माहीत. चूक झाली म्हणाला असता तर मान खाली घालून कबूल केलं असतं. पण त्याने कॉम्प्युटरवर माझे फोटो उघडले, तारीख बघितली, तर सगळ्यांवर एकच. शनिवार, तीन वाजून दहा मिनिटं. मग काय, मी आठवडाभर काही तपासलंच नाही आणि शनिवारी एकच ब्रॅकेट उलटसुलट ठेवून धडाधड फोटो काढले, असं त्याने ठरवूनही टाकलं.

मला एका शब्दाने विचारलं नाही. टाइप केलेला माफीनामा पुढे ठेवला. "मी तपासणी न करता फोटो काढले," असं त्यात होतं. म्हणाला, "सही करा मावशी, विषय मिटवून टाकू."

मी म्हटलं, "गुरुवारी करते." एवढंच तोंडातून निघालं. माणसांसमोर माझा आवाज फुटत नाही, लहानपणापासून असंच आहे. पण सही केली नाही, कारण त्या सहीचं पुढे काय होतं ते मी बघितलं होतं. गेल्या वर्षी याच टेबलावर चऱ्होलीची एक बाई होती. तिच्यावरही हाच आळ आला, फोटो एकदम काढल्याचा. ती सगळ्यांसमोर रडली, "देवाशप्पथ न्हाई हो," म्हणाली, सही केली, आणि महिन्याच्या आत तिला कामावरून काढलं. तिचं टेबल मला मिळालं. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?

घरी आल्यावर मुलीला सांगितलं. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. ती म्हणाली, "मम्मी, ते फोटो मला आणून दे. आता रडू नकोस."

"रडत नाहीये. राग आलाय."

"मग अजूनच बरं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमधल्या ऑपरेटर मुलीला पेन ड्राइव्ह दिला. नुसतं मागायलाही मला अर्धी सुट्टी लागली. ती म्हणाली, "ताई, तुमचे कुठे शोधत बसू? सगळंच फोल्डर टाकते." त्यात सगळ्या टेबलांचे फोटो होते, गेल्या वर्षापासूनचे.

पाच वाजता घरी पोचले. मुलीने चहाही घेऊ दिला नाही. लॅपटॉपवर काळ्या पडद्यावर ती काहीतरी लिहीत होती. म्हणाली, ही भाषा नवी आहे, हिचं नाव रस्ट. मी म्हटलं, "गंज? दिवसभर तोच शोधून आले मी."

फोटो उघडायचाच नाही, असं तिने सांगितलं. फोटोबद्दल फक्त विचारायचं, केवढा आहे, या जागी कधी तयार झाला, शेवटचा कधी बदलला. कॉम्प्युटर प्रत्येक फाइलची ही नोंद वेगळी ठेवतो. आणि ही भाषा उलट आपल्यालाही विचारते.

"काय विचारते?"

"की माहिती मिळालीच नाही, तर काय करशील? काही ठिकाणी तयार झाल्याची तारीख ठेवलेलीच नसते. त्याचं काय करायचं ते लिहावं लागतं, नाहीतर ही पुढे जाऊ देत नाही."

"म्हणजे तुमच्या या भाषेला आमच्या सुपरवायझरपेक्षा अक्कल जास्त आहे."

मुलगी इतकी हसली की शेजारीण दारातून डोकावून गेली.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा नुसते लांबलचक आकडे आले. ते एकोणीसशे सत्तर सालापासूनचे सेकंद आहेत म्हणाली. मग त्यांच्या तारखा केल्या. प्रत्येक फोटोपुढे दोन वेळा आल्या. मी चष्मा लावून पुढे सरकले. 'बदलला' खाली सोमवार आठ वाजून तीन मिनिटं, सोमवार नऊ वाजून एक मिनिट, सोमवार दहा. माझे तास, माझ्या हाताने काढलेले. आणि 'तयार झाला' खाली सगळ्यांपुढे आजची तारीख, जेवणाच्या सुट्टीची वेळ.

मी घाबरले. "अगं, आज कसे तयार झाले? आता तर म्हणतील मी आज काढले."

मुलीने पडद्यावर बोट ठेवलं. "मम्मी, आज ऑपरेटरने पेन ड्राइव्हवर टाकले ना? कॉपी केली की 'तयार झाला' मध्ये कॉपीची वेळ पडते. कॅमेऱ्यात फोटो पडला ती खरी वेळ 'बदलला' मध्ये तशीच राहते. तुझ्या साहेबाने पहिलीच तारीख वाचली."

मला हे एका क्षणात समजलं, कारण माझं स्वतःचं तसंच आहे. माझा जन्म हुरड्याच्या दिवसांतला, भर थंडीतला, आई सांगायची. पण शाळेच्या रजिस्टरमध्ये गुरुजींनी एक जून लिहिलं. वर्गातली निम्मी पोरं एक जूनची. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पण तो एक जून सुटला नाही, आधार कार्डावरही तोच आहे. म्हणून काय आम्ही सगळे एकाच दिवशी जन्मलो? गुरुजींनी ज्या तारखेने आम्हाला वहीत घातलं, तीच आमची तारीख झाली. माझे फोटोही शनिवारी तीन वाजून दहा मिनिटांनी वहीत घातले गेले. आणि कुणी घातले? त्यानेच. तीनला कॅमेरे तोच नेतो. त्याच्याच हाताची वेळ माझ्या माथी मारली.

आणि तेवढ्यात मुलगी यादी वर सरकवता सरकवता म्हणाली, "हे गेल्या वर्षीचे. तुझ्याच टेबलाचे आहेत, पण तू तेव्हा नव्हतीस ना तिथे?"

मी वाचलं. मंगळवार आठ वाजून चार. नऊ वाजून दोन. दहा वाजून एक. बारा. एक. सगळे तासातासाला. चऱ्होलीवालीचे होते. मग मला चहा गेला नाही.

गुरुवारी छापलेला कागद घेऊन ऑफिसात गेले. मुलीला गेटच्या आत सोडत नाहीत, त्यामुळे बोलायचं मलाच होतं. सुपरवायझर होता आणि त्याच्या वरचे साहेब होते. कागद पुढे केला. सुपरवायझर न वाचताच म्हणाला, "मावशी, हे घरून छापून आणलेलं कसं चालेल?"

रात्रभर घोकलेलं वाक्य मी म्हटलं, "साहेब, तुमच्या हाताने एक फोटो कॉपी करा. कुणाचाही."

मोठ्या साहेबांनी केला. तारीख बघितली. आजची. मग त्यांनी एक नंबरच्या टेबलाचे फोटो उघडले, मग तीन नंबरचे. सगळ्या बायकांचे फोटो शनिवारी तीन वाजून दहा मिनिटांनीच तयार झालेले. म्हणजे सुपरवायझरने बाकी कुणाचे उघडूनच बघितले नव्हते. एवढं साधं काम. दोन बोटांचं.

साहेबांनी माफीनामा फाडला. सुपरवायझर हसून म्हणाला, "सॉरी मावशी, सिस्टीमचा प्रॉब्लेम होता."

सिस्टीमचा! सिस्टीमने दोन्ही वेळा बरोबर लिहून ठेवल्या होत्या. वाचणाऱ्याने एक वाचली आणि दुसरीकडे डोळेझाक केली. मी म्हटलं, "सिस्टीमचा नाही. तुम्ही वाचलं नाही." आवाज बारीक निघाला, पण निघाला.

मग म्हटलं, "आणि चऱ्होलीच्या बाईचं? तिचेही तसेच आहेत. कागदावर आहेत बघा."

मोठे साहेब म्हणाले, "ते प्रकरण क्लोज झालंय. आता उकरू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये टार्गेट सांगितलं, हातमोजे घाला म्हणून सांगितलं. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. आळ सगळ्यांसमोर घेतला आणि धुतला बंद खोलीत. बसमध्ये शेजारी बसलेली लाइनवरची बाई म्हणाली, "पोरगी शिकलेली म्हणून वाचलीस बाई." मला त्याचाच जास्त राग आला. ज्यांची पोरगी शिकलेली नाही त्यांनी काय करायचं? मी आठवडाभर खरं काम केलं होतं, ते कुणी विचारलंही नाही. काळ्या पडद्यावर आलं तेव्हा ते खरं झालं. आणि चऱ्होलीची रडत सांगत होती तेव्हा मीही ऐकलं नव्हतं. सुपरवायझरला शिव्या देताना हे मला गिळून टाकता येत नाही.

रविवारी तिच्या घरी गेले. नव्या बिल्डिंगांच्या मागे त्यांचं जुनं घर आहे. ती आता त्याच बिल्डिंगांत भांडी घासते. मला बघून पाणी दिलं, बस म्हणाली नाही.

"काय काढलंस?"

मी सगळं सांगितलं. तिने तांब्या आत नेऊन ठेवला. मग म्हणाली, "तवा तूबी तिथंच हुतीस. माझ्याकडं बघाया नगं म्हनून भिताडाकडं बघत हुतीस."

"होते," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"वाच. मला चष्मा न्हाई."

मी वाचायला लागले. मंगळवार, आठ वाजून चार. नऊ वाजून दोन. दहा वाजून एक. बारा वाजता.

"थांब," ती म्हणाली. "अकराचा न्हाई ना त्यात?"

मी परत बघितलं. अकराचा नव्हता.

"न्हाईच असनार. मंगळवारी प्रेसचं मशीन बंद पडलं हुतं. अकराला मालच आला न्हाई. मी तवाच सांगितलं हुतं त्या मेल्याला. सांगितलं हुतं का न्हाई?"

सांगितलं होतं. मला आठवलं. वर्ष झालं, तिच्याकडे ना कागद ना कॉम्प्युटर, आणि तिला तासासकट सगळं पाठ होतं.

तिने कागद माझ्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि ब्लाउजमध्ये ठेवला. पदर खोचला.

"सोमवारी किती वाजता लागते गं तुझी बस?"